दुपारी चढणारी नदी

निवृत्त झाल्यापासून लोक मला एक प्रश्न हमखास विचारतात. "शेखबाई, कारखान्यात तुम्ही नेमकं करत काय होत्या?" इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते, असं सांगितलं की मान डोलावतात आणि घरचा बिघडलेला मिक्सर दाखवतात. मिक्सर मी दुरुस्त करून देते. पण माझं काम ते नव्हतं. यंत्र जो आकडा दाखवतं तो खरा आहे का, हे तपासणं माझं काम. बॉयलरचा दाब, पाण्याची पातळी, भट्टीची उष्णता, सगळीकडे आकडे. आकडा चुकला तरी यंत्र बंद पडत नाही. ते तितक्याच आत्मविश्वासानं चुकीचा आकडा दाखवत राहतं, म्हणून हे काम कठीण.

आमचे अब्बा बल्लारपूरला रेडिओ दुरुस्त करायचे. सोल्डरचा वास मला लहानपणापासून ओळखीचा. आयटीआयमध्ये आमच्या वर्गात मी एकटीच मुलगी होते, आणि नोकरीत तर बरीच वर्षं एकटीच. त्या गोष्टी या लेखात सांगत बसत नाही. संपादकांनी एखादा अनुभव लिहा म्हटलं, आणि मला आठवली ती प्राणहिता नदीच्या काठची गोष्ट. ती निवृत्तीनंतरची आहे, पण नोकरीतलं सगळं शिकलेलं तिथे कामाला लागलं.

आधी थोडं समजून घ्यावं लागेल. इलेक्ट्रॉनिक यंत्र मोजतं म्हणजे काय करतं? त्याच्या आत एक ठरलेलं व्होल्टेज तयार करून ठेवलेलं असतं. बाहेरून आलेलं व्होल्टेज त्याच्याशी ताडून पाहिलं जातं. कापडवाल्याकडे गज असतो तसं. गज आखूड झाला की तेच कापड जास्त भरतं. आतल्या त्या ठरलेल्या व्होल्टेजला आम्ही रेफरन्स म्हणतो, आणि आजच्या बहुतेक यंत्रांत तो 'बँडगॅप' जातीचा असतो.

बँडगॅपची युक्ती मला आजही सुंदर वाटते. सिलिकॉनच्या जोडावरचं, म्हणजे साध्या डायोडवरचं, व्होल्टेज तापलं की उतरतं, दर अंशाला साधारण दोन मिलिव्होल्ट. पण तसेच दोन जोड वेगवेगळ्या भारानं चालवले, तर त्यांच्यातला फरक तापल्यावर चढतो. हा चढणारा भाग योग्य तेवढा वाढवून उतरणाऱ्यात मिळवला की बेरीज सव्वा व्होल्टच्या आसपास एका जागी उभी राहते. निदान तसं पुस्तकात असतं. प्रत्यक्षात ती बेरीज मधे किंचित फुगलेली आणि दोन्ही टोकांना खाली वळलेली असते. चांगल्या चिपमध्ये हा बाक नगण्य असतो, स्वस्तातल्या चिपमध्ये नाही. शिवाय या सर्किटलाही चालायला वरून वीज लागते, आणि ती त्याच्या स्वतःच्या आकड्यापेक्षा थोडी जास्त लागते. वरची वीज फार खाली आली की रेफरन्सही तिच्यासोबत बसतो. ज्या थंड खोलीत ही यंत्रं तपासून पास होतात, तशी खोली आमच्या चंद्रपुरात मे महिन्यात फक्त फ्रीजमध्ये सापडते.

नोकरीत असताना मूल गावाच्या बाजूला एका राइस मिलवाल्यानं मला धानाचा ओलावा मोजायचं मीटर दाखवलं होतं. ते दुपारी ओलावा जास्त दाखवायचं. मी म्हटलं, मीटर तापतं म्हणून असं होतं, दुरुस्त करून देते. तो घाईघाईनं म्हणाला, "राहू द्या ना बाई. दुपारचा धान ओलाच असते." ओला ठरला की शेतकऱ्याला भाव कमी द्यावा लागतो. मीटर तर मी दुरुस्त करूनच परत आले. त्यानं मला पुन्हा कधी बोलावलं नाही.

आता नदीची गोष्ट. अहेरीच्या खाली, प्राणहितेला लागून एक गाव आहे. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या प्रकरणावरून आसपासच्या गावांनी त्यांना पुष्कळ चिडवून झालं आहे. गावाला पुराची सूचना मिळावी म्हणून एका योजनेतून उन्हाळ्यात काठावर लोखंडी खांब रोवून त्यावर पेटी बसवली होती. पाण्याखालच्या सेन्सरकडून ती नदीची पातळी घ्यायची, आकडा आतल्या पडद्यावर दाखवायची, मोबाइलच्या टॉवरवरून खात्याला पाठवायची, आणि पातळी धोक्याच्या वर गेली की भोंगा वाजवायची. वर सोलर पॅनेल, आत बॅटरी.

पहिल्याच पावसाळ्यात एका सकाळी भोंगा वाजला. अख्खं गाव लेकरं, बकऱ्या, धानाची पोती घेऊन टेकाडावरच्या शाळेकडे पळालं. चिखलात गावच्या कोतवालाची, पोचमभाऊची म्हातारी आई मल्लक्का घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. नदी मात्र जिथल्या तिथे होती. थोड्या दिवसांनी भोंगा पुन्हा वाजला. या खेपेला अर्धंच गाव गेलं. नदी तेव्हाही चढली नव्हती. त्या संध्याकाळी पोचमभाऊनं स्वतः खांबावर चढून भोंग्याची तार ओढून काढली. पेटीची किल्ली सरकारनं त्याच्याकडेच दिली होती.

ही योजना राबवणाऱ्या खात्यातले इंजिनिअर देशकर मला कारखान्याच्या दिवसांपासून ओळखतात. उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. "बाई, वरचे लोक म्हणून राह्यले का धोक्याची पातळी एक मीटर वर करून टाका. भोंगाच वाजणार नाही. नाही तर पेटी काढून आणा. माझ्या मनाला दोन्ही पटत नाही. तुम्ही एकदा पाहता का?"

"एक मीटर वर केली तर खालच्या मोहल्ल्याचं काय होईल?" मी विचारलं.

"भोंगा वाजेल तोवर पाणी त्यांच्या चुलीत असेल."

"मग पाहते."

भर मे महिन्यात मी तिथे पोहोचले. पोचमभाऊ पन्नाशीचा, सडसडीत माणूस. त्यानं पेटी उघडून दिली, पण चेहऱ्यावर काही उमटू दिलं नाही. मी विचारलं, "भाऊ, पावसाळा सोडून कधी काही गडबड दिसली?"

तो हसला. "नदी रोज दुपारी चढते ना, बाई."

"म्हणजे?"

"सकाळी पाह्यलं तं बरोबर. जेवण करून पाह्यलं तं वीतभर जास्त. सांजेले पुन्हा बरोबर. नदीत तं गुडघाभर पाणी नाई. पोट्टे म्हणते, नदी जेवते अन् फुगते."

ही गोष्ट गावात चेष्टेची झाली होती, आणि ती कोणी खात्याला कळवलीच नव्हती. मला वाईट वाटलं. पहिल्या उन्हाळ्यातच कोणी हे मनावर घेतलं असतं, तर मल्लक्काचा पाय कदाचित वाचला असता.

दुपारी पेटीच्या पत्र्याला बोट लागलं तर चटका बसत होता. आकडा खरंच वीतभर वर होता. मी पोचमभाऊला एक पोतं भिजवून आणायला सांगितलं आणि ते पेटीवर टाकलं. दहा-पंधरा माणसं सावलीला उभी राहून तमाशा पाहत होती. पोतं वाळायच्या आत आकडा हळूहळू खाली येऊ लागला.

"आयला!" पोचमभाऊ ओरडला. "पोत्यानं नदी उतरली!"

सगळे हसले, मीही हसले. रेफरन्स तापून खाली वळत होता, गज आखूड होत होता आणि नदी लांब भरत होती. पण हसून झाल्यावर मी पावसाळ्यातले नोंदलेले आकडे काढले. उष्णतेनं फरक पडत होता वीतभर. पावसाळ्यात भोंगा वाजला तेव्हा पेटीनं नदी मीटरभराहून जास्त वर दाखवली होती, आणि तेव्हा ऊन नव्हतंच. म्हणजे दुसरा दोष होता, अजून हाती न लागलेला.

मी देशकरांना फोन करून सांगितलं, "अर्धंच सापडलं आहे. मी पावसाळ्यात पुन्हा येते आणि सापडेपर्यंत राहते."

पाऊस लागल्यावर मी पोचमभाऊच्या घरी मुक्कामाला गेले. गावात दुसरी सोय नव्हती. मल्लक्का ओसरीत खाटेवर बसून असायची. काठी घेऊन दारापर्यंत जायची, त्यापुढे नाही. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. सुनेला तेलुगूत काहीतरी सांगायची आणि सून माझ्या ताटात भात वाढायची.

पावसाळ्यात काय वेगळं असतं? ढग. ढग असले की पॅनेल काम करत नाही आणि बॅटरी उतरत जाते. म्हणून मी पॅनेलवर ताडपत्री बांधली आणि बॅटरी मुद्दाम उतरू दिली. पुलाच्या खांबावर पातळीची रंगवलेली पट्टी होती. पोचमभाऊ तिथे जाऊन खरा आकडा फोनवर सांगायचा आणि मी पेटीतला पाहायचे. बरेच दिवस दोन्ही जुळत राहिले. देशकरांनी दोनदा विचारलं, "बाई, परत येता का?" मी म्हटलं, "बॅटरीत अजून जीव आहे."

मग एका सकाळी पेटीनं आकडा पाठवायची वेळ झाली आणि माझ्या डोळ्यांसमोर बॅटरीला जोडलेल्या मीटरवरची सुई खाली आपटली. गावात नेटवर्क किती कमी, हे तिथे राहणाऱ्याला सांगायला नको. टॉवर लांब असला की पेटीतला मोडेम पूर्ण ताकदीनं ओरडतो आणि त्या क्षणी बॅटरीतून भसकन वीज ओढतो. भरलेली बॅटरी ते सोसते. उतरलेली सोसत नाही. वीज खाली बसली, तिच्यावर उभा असलेला रेफरन्स बसला, आणि पेटीनं नेमकं त्याच क्षणी मोजमाप घेतलं. आकडा मीटरभर वर उडाला.

भोंगा मी तपासणीसाठी पुन्हा जोडला होता. तो वाजायला लागला. आणि आता मला सगळं दिसलं. भोंग्यानं आणखी वीज ओढली, रेफरन्स आणखी बसला, नदी आणखी चढली. नदी उतरली असं पेटीला कळायचा मार्गच नव्हता. एकदा वाजलेला भोंगा बॅटरी पार संपेपर्यंत स्वतःला वाजवत ठेवत होता.

"भाऊ, पट्टीवर किती?" मी फोनमध्ये ओरडले.

"मघाशी होती तितकीच! बंद करा ना त्याले!"

मी तार काढली आणि वळून पाहिलं. गावातली माणसं बाहेर आली होती. त्यांच्यामधून मल्लक्का काठी टेकत येत होती. दारापुढे न जाणारी बाई नदीपर्यंत चालत आली होती. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"पुन्हा काऊन वाजवला?"

"का वाजतो ते शोधत होते, आई. आता सापडलं."

"माह्या पाय या डब्यानं मोडला. तुमाले नदी मोजता येत नाई तं मोजू नोका. आम्ही डोळ्यानं पाहू."

"येते मोजता," मी म्हटलं. "मोजून दाखवते. तोवर हा भोंगा जोडणार नाही."

ती वळली आणि तशीच सावकाश परत गेली. तिला हात द्यायला पुढे झालेल्या सुनेला तिनं झिडकारलं. मी तिथेच चिखलात उभी राहिले. मला तेव्हा रडूही आलं असतं, पण राग जास्त आला होता. त्या पेटीचा राग.

चंद्रपूरला येऊन मी देशकरांसोबत नवं बोर्ड बनवलं. देशकरांनी मांडणी काढली, मी जोडणी आणि तपासणी केली. रेफरन्स चांगल्या प्रतीचा घेतला, आणि त्याला मोडेम आणि भोंग्यापासून वेगळी, स्वतःची वीज दिली. मोजमाप घेताना मोडेम आणि भोंगा दोन्ही गप्प राहतील, असा क्रम लावला. बोर्ड घरच्या ओव्हनमध्ये तापवलं, बर्फाच्या डब्यात ठेवलं, वीज थेंबाथेंबानं कमी करत नेली. ओव्हन महिनाभर माझ्याच ताब्यात होता. घरच्यांनी केकची आशा सोडली.

एका गोष्टीवर मात्र आमचं भांडण झालं. मला आत दुसरा रेफरन्स हवा होता, बँडगॅप नव्हे, झेनर जातीचा. दोघांच्या खोडी वेगळ्या असतात. तापल्यावर किंवा वीज कमी झाल्यावर दोघं एकाच पद्धतीनं एकाच वेळी चुकणं जवळपास अशक्य. दोघं एकमेकांशी जुळले तर हिरवा दिवा. जुळले नाहीत तर पिवळा, आणि भोंगा बंद.

"बाई, पुराच्या वेळी पिवळा लागला तर?" देशकर म्हणाले. "भोंगा वाजायलाच पाहिजे तेव्हा तो गप्प राहणार?"

"पिवळा म्हणजे पेटी सांगते आहे, मला माहीत नाही, तुम्ही पट्टी पाहा. पोचमभाऊ पाहील. खात्याला मेसेजही जाईल. पण माहीत नसताना ती बोंब मारणार नाही. तिसऱ्यांदा ते गाव उगाच पळणार नाही, साहेब."

त्यांनी कागदावरची मांडणी पुन्हा पाहिली. मग म्हणाले, "पिवळ्याचा मेसेज माझ्या स्वतःच्या फोनवर आला पाहिजे." तसं केलं.

पुढच्या उन्हाळ्यात पेटी बसवली. पोचमभाऊनं पेटीच्या वर, मधे वारा खेळेल एवढं अंतर सोडून बांबूच्या तट्ट्याचं छप्पर केलं. मे महिन्यात नदी दुपारी चढली नाही. मग सगळ्यांसमोर मी पॅनेल झाकलं आणि बॅटरी उतरू दिली. आकडा हलला नाही. बॅटरी अगदी तळाला गेली तेव्हा पिवळा दिवा लागला आणि भोंगा गप्प राहिला. लोक पाहून घरी गेले. मल्लक्का आली नाही. भोंगा जोडू का, असं मी पोचमभाऊला विचारलं. त्यानं माझ्या हातातली पक्कड घेतली. मग स्वतः चढून तार जोडली.

यंदाच्या पावसाळ्यात, एका दुपारी मी घरी कपडे वाळत घालत होते. कितीतरी दिवसांनी लख्ख ऊन पडलं होतं. पोचमभाऊचा फोन आला. मागे भोंगा वाजत होता.

"बाई, वाजून राह्यला! खरा आहे का?"

"नदी कशी दिसते?"

"इथून झाडं आडवे येते. पुलाच्या वाटंवर नाल्याचं पाणी आलं, पट्टीपर्यंत जाता येत नाई. पण थे दर पावसाळ्यात येते. बाई, इथी पाऊस नाई. कडक ऊन आहे. लोकं उभे आहेत. म्हणते, दुपार झाली, डबा तापला."

ऊन, दुपार, भोंगा. पेटी पूर्वी जेव्हा खोटं बोलायची नेमकी ती वेळ. आणि मी तिथून दिवसभराच्या वाटेवर.

"दिवा कोणता आहे?"

"हिरवा."

"नीट पाहा, भाऊ. उन्हात हिरवा-पिवळा ओळखू येत नाही. हातानं सावली करा."

थोडा वेळ नुसता भोंगा ऐकू आला. मग, "हिरवाच आहे. पक्का."

"बॅटरीचा आकडा वाचा."

त्यानं वाचला. बॅटरी भरलेली होती, ऊनच होतं ना. म्हणजे उन्हानं या वेळी पेटीला मदतच केली होती. तट्ट्याखाली ती फार तापलीही नव्हती. पाऊस इथे नव्हता, पण वर, प्राणहितेला पाणी देणाऱ्या वैनगंगेकडे तो कित्येक दिवस कोसळत होता, हे मी पेपरात वाचत होते. सगळं जुळत होतं. तरीही ते शब्द तोंडातून काढायला मला जड गेलं. चुकले असते तर त्या गावानं यापुढे कुठल्याच यंत्राचं ऐकलं नसतं, आणि ते बरोबरच ठरलं असतं.

"निघा," मी म्हटलं. "सगळे निघा. आईंना खाटेवर उचला."

"ती नाई म्हणन."

"तिला सांगा, शेखबाईनं मोजलं आहे."

फोन कटला. पुन्हा लागला नाही. टॉवरची वीज गेली असावी. मी हातावर हात धरून बसणारी नाही. कपाटातून त्या बोर्डासोबत बनवून ठेवलेलं तसंच दुसरं बोर्ड काढलं, गच्चीवर उन्हात ठेवलं, आणि पुन्हा पहिल्यापासून वीज कमी करत आकडे पाहू लागले. त्याचा गावाला आता काही उपयोग नव्हता, हे मला कळत होतं. बोर्डावरचा आकडा हलला नाही. एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं. मग फक्त वाट पाहणं उरलं.

दिवेलागणीला फोन वाजला. शाळेच्या टेकाडावर पोचमभाऊला कुठेतरी नेटवर्क सापडलं होतं. आवाज बसला होता.

"खालचा मोहल्ला गेला, बाई. पाणी समाजमंदिराच्या पायरीले लागलं. चार पाच घरं तं दिसूनच नाई राह्यली. कोंबड्या गेल्या, माह्या धान गेला. माणूस एक नाई गेला."

मी विचारलं, "आई?"

"इथीच आहे. खाटेवर. फोन मांगून राह्यली."

फोन हातोहात गेला असावा. मग मल्लक्काचा खणखणीत आवाज आला.

"बाई, तुह्या डबा खरा बोलला."

"हो, आई."

"पण भोंगा बहुत खराब आहे. रेडा मेल्यावानी वराडते. लेकरं भेली. थो बदलव."

मी बदलते म्हटलं. नवा भोंगा आणून ठेवला आहे, त्याचा आवाज मी स्वतः दुकानात उभी राहून ऐकला. रस्ता सुकला की जाऊन बसवते.